बाबांच्या अ‍ॅम्पला जोड

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे, अंबरनाथ-बदलापूरच्या मधल्या गावांत, लग्नसराईची खबर आधी कानांना लागते. पत्रिका नंतर येतात. संध्याकाळी लांबून कुठूनतरी "हॅलो, हॅलो, चेक" असं ऐकू येतं, मग गाण्याची अर्धी ओळ वाजते आणि तुटते. साऊंडवाला वायरी बदलत असतो. भात कापून झालेला असतो, शेतं रिकामी असतात आणि रिकाम्या शेतांवरून आवाज फार लांब जातो. आता बऱ्याच शेतांच्या जागी टॉवर उभे राहिलेत, त्यामुळे तोच आवाज भिंतींवर आपटून दोनदा येतो, एवढाच काय तो फरक.

यंदाही तो आला, आणि मला तीन वर्षांपूर्वीची लग्नसराई आठवली. त्या सगळ्या हंगामात आम्ही एक रिसीव्हर शोधत होतो. फोनचा रिसीव्हर नव्हे, होम थिएटरचा.

माझे बाबा आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पत्रा दाबायचा, तुकडा काढायचा, पुन्हा दाबायचा, अशी तीस वर्षं. पण गावात त्यांची ओळख प्रेसवाला अशी नव्हती. तरुणपणी ते हळदीला साऊंड लावायचे. आमच्या आगरी घरांत लग्नापेक्षा हळद मोठी, आणि हळदीत साऊंड मोठा. बाजारातला अ‍ॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारी पेटी, परवडेना म्हणून त्यांनी स्वतःच एक बनवला. पत्रा स्वतः कापला, ट्रान्सफॉर्मर उल्हासनगरातून तार गुंडाळून बनवून आणला, बाकीचे भाग एकेक करून जमवले. दोन चॅनलचा, काळ्या रंगाचा, दोन माणसांनी उचलावा असा जड. हळदीची कामं सुटली, भोंगे विकले गेले, पण अ‍ॅम्प राहिला. गावातल्या घराच्या पुढच्या खोलीत तो एका लाकडी स्टुलावर असायचा आणि रविवारी त्याच्यावर गाणी वाजायची. पाहुणा आला की बाबा गाणं थांबवून म्हणायचे, "आता ऐका. काय ऐकू येतं? कायच नाय ना? येवढा शांत अ‍ॅम्प कंपनीचा बी नसतो."

पाहुणा मान हलवायचा. आम्हीही हलवायचो.

मी लग्नानंतर बदलापुरात राहते आणि अंबरनाथच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आठवड्यातून एकदा तरी आईबाबांकडे जाणं होतं. त्या वर्षी प्रत्येक वेळी गेल्यावर टीव्ही आधीपेक्षा मोठा लावलेला असायचा. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "जरा बारीक करा!" बाबा ढिम्म. मग ती माझ्याकडे वळून, आयुष्यभर म्हणत आली तेच म्हणायची, "हे ऐकतच नाय. कवाच नाय ऐकलं."

बाबांचं म्हणणं वेगळंच होतं. ते म्हणायचे की हल्लीच्या टीव्हीचे स्पीकर पाठीमागे असतात, बोललेलं भिंतीला जातं, माणसाला मिळत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. मी म्हटलं, चांगलं होम थिएटर लावू. एका खोलीत पाच स्पीकर, बोलणं समोरच्या मधल्या स्पीकरमधून, तुमचं तोंड ज्या दिशेला त्याच दिशेने.

"लाव," बाबा म्हणाले. "पन माझा अ‍ॅम्प लागला पायजे त्याला."

ही एक अट, आणि हिच्यामुळे साधी खरेदी एका हंगामाची झाली.

तोवर मला वाटायचं की दुकानात जायचं, डबा आणायचा, वायरी लावायच्या. पण या वस्तूंचे दोन प्रकार निघाले. रिसीव्हर म्हणजे एकाच पेटीत सगळं. टीव्हीतून आलेला आवाज कुठल्या स्पीकरला किती द्यायचा ते ठरवणारं डोकंही त्याच्यात आणि स्पीकर हलवणारी ताकदही त्याच्यात. प्रोसेसर म्हणजे नुसतं डोकं. ताकद बाहेरून जोडायची. बाबांचा अ‍ॅम्प ही नुसती ताकद. त्याला डोक्याची गरज होती. शिवाय सगळ्या रिसीव्हरला बाहेरचा अ‍ॅम्प जोडता येत नाही. त्यासाठी मागच्या बाजूला 'प्री-आउट' नावाची वेगळी भोकं लागतात, आणि स्वस्तातल्या पेट्यांना ती नसतात. असलंच तर एकुलतं एक, दणक्याच्या स्पीकरसाठी.

शाळा सुटल्यावर मी विठ्ठलवाडीला उतरायचे आणि शेअर रिक्षाने उल्हासनगरच्या कॅम्प तीनला जायचे. तिथल्या गल्ल्यांत एका बाजूला जीन्स शिवायच्या मशीन चाललेल्या असतात, दारात निळ्या कापडाचे ढीग, आणि त्यांच्याच मधे इलेक्ट्रॉनिकची दुकानं. दुकानात शिरलं की विचारायचं, "प्री-आउटवाला रिसीव्हर आहे का?" तिसऱ्या-चौथ्या दुकानापर्यंत माझं हे वाक्य इतकं सराईत झालं की दुकानदार मला साऊंडवाली समजायला लागले. पण उत्तर बहुतेकांचं एकच. कशाला मॅडम? बाहेरचा अ‍ॅम्प कशाला? कोणता आहे? घरी बनवलेला? मग हसू.

मोहनभाई हसले नाहीत. साठी ओलांडलेला सिंधी माणूस, दुकान अरुंद, मराठी अर्धी आणि हिंदी अर्धी. त्यांनी विचारलं, "किसने बनाया?"

"माझ्या वडिलांनी."

"तो फिर वडिलांना घेऊन या ना. अ‍ॅम्प बी आणा. देखे बिना मैं कुछ नहीं बोलूंगा."

पुढच्या रविवारी अ‍ॅम्प चादरीत गुंडाळून माझ्या छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. बाबा पुढे न बसता त्याच्या शेजारी बसले. अंबरनाथपर्यंत खड्डा आला की ते एक हात त्याच्यावर ठेवायचे. मी आरशातून बघत होते. आमच्यात बोलणं फारसं नव्हतंच कधी. मी काही विचारलं की बाबा "हां" म्हणायचे आणि बाहेर बघायचे. तेव्हाही तसंच झालं.

मोहनभाईंनी झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. "सोल्डरिंग बघा, मॅडम. एकदम साफ," ते मला म्हणाले. मग बाबांना म्हणाले, "बाबूजी, हाथ अच्छा है आपका." बाबांनी नुसती मान डोलावली. कौतुक असं शांतपणे घेणारा माणूस, म्हणून मला अभिमान वाटला.

त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक प्रोसेसर, शोकेसमधला, चकचकीत. आणि एक रिसीव्हर, साधा दिसणारा, पण मागे प्री-आउटची पूर्ण रांग असलेला. बाबांनी लगेच प्रोसेसरवर बोट ठेवलं. "ह्यो. ह्याच्यात दुसऱ्या कुनाचा अ‍ॅम्प नाय. ताकद फक्त आपली."

"बाबूजी, आपका अ‍ॅम्प दो चॅनल का है," मोहनभाई म्हणाले. "सामने के दो स्पीकर चलाएगा, एकदम मस्त. लेकिन सेंटर कौन चलाएगा? पीछेवाले दो? रिसीव्हर लोगे तो वो तीन उसके, ये दो आपके."

 बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू काय म्हनतेस?"

मला वाटलं, त्यांना वाईट वाटलंय आणि निर्णय ते माझ्यावर सोडतायत. मी जवळ जाऊन, समोर उभी राहून, सगळं पुन्हा सांगितलं. प्रोसेसर घेतला तर आणखी तीन चॅनलचा अ‍ॅम्प लागेल. रिसीव्हर घेतला तर पुढच्या दोन स्पीकरचं गाणं-बजावणं तुमच्या अ‍ॅम्पमधून जाईल आणि बोलणं रिसीव्हरमधून.

"बोलनं दुसऱ्याच्यातून?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. "गानी तं माझ्यातून ना."

रिसीव्हर ठरला. निघण्याआधी मोहनभाईंनी अ‍ॅम्प लावून पाहिला आणि स्पीकरच्या जाळीला कान लावला. मग माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता बटण बंद केलं. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळला होता, पण मीही काही बोलले नाही.

घरी सगळं लावायला आणखी एक रविवार गेला. या रिसीव्हरसोबत एक छोटा माईक येतो. तो आपण बसतो तिथे, कानाच्या उंचीवर ठेवायचा. मग रिसीव्हर एकेका स्पीकरमधून एक सूर सोडतो. सुरुवातीला ट्रकसारखी घरघर, मग चढत चढत शिट्टी, मग डासासारखी बारीक तार, मग संपलं. त्यावरून तो खोलीचं माप घेतो. तेवढा वेळ खोलीत दुसरा आवाज नको. मी पंखा बंद केला, फ्रीज बंद केला. आई स्वयंपाकघरात चटणीसाठी मिक्सर भरून बसली होती. तिला म्हटलं, बाबांनी हात वर केला की मगच लाव. बाबांना दारात उभं केलं. तिथून त्यांना स्पीकरही दिसत होते आणि आईही. पाचही स्पीकर होऊन आवाज पूर्ण थांबला की हात वर, एवढंच काम.

चार स्पीकर झाले. पाचव्याचा सूर चढत होता, शिट्टीच्याही वर गेला होता, आणि बाबांनी हात वर केला. मिक्सर सुरू झाला. टीव्हीच्या पडद्यावर पाटी आली की खोलीत आवाज फार आहे, पुन्हा करा.

पुन्हा केलं. पुन्हा तिथेच हात वर.

तिसऱ्या खेपेला आई चिडून बाहेर आली. "आवाज चालू असता हात कशाला करता? माझी चटनी राहिली तशीच."

"थांबला व्हता आवाज," बाबा म्हणाले.

"कुठं थांबला? कानात शिरत व्हता अजून."

"मी हितंच उभा हाय. थांबला म्हनून तं हात केला."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते भांडत नव्हते. जे घडलं ते सांगत होते. मी वर्गात दरवर्षी ध्वनीचा धडा शिकवते. माणसाला किती कंपनांपासून किती कंपनांपर्यंत ऐकू येतं, फळ्यावर आकडे लिहिते, मुलांकडून पाठ करून घेते. फोनमध्ये एकेक सूर वाजवायचं अ‍ॅपही त्यासाठीच ठेवलेलं. ते मी काढलं आणि बाबांना सोफ्यावर बसवलं.

खालचा सूर लावला. "येतो ऐकू," ते म्हणाले. आणखी वरचा लावला. "येतो." आणखी वर नेला. बाबा वाट बघत बसून राहिले. पायावर पाय, हात मांडीवर, शाळेतल्या शहाण्या मुलासारखे.

"लाव की," ते म्हणाले.

आई म्हणाली, "लावलाय कवाचा."

मी फोन त्यांच्या आणखी जवळ नेला. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आईकडे. आईने पदराला हात पुसले, ते कोरडे होते तरी.

"ऐकू येत नाय तुमाला?" ती म्हणाली.

मराठीत या दोन गोष्टींत केवढंसं अंतर आहे. ऐकत नाही आणि ऐकू येत नाही. आई पहिली गोष्ट आयुष्यभर म्हणत आली, आणि आम्ही मुलांनीही तीच धरून ठेवली. मी विज्ञान शिकवणारी बाई, आणि घरातल्या घरात मला दुसरी शक्यता सुचली नाही. मोहनभाईंच्या दुकानातलं ते शांतपणे मान डोलावणं मला तेव्हा पुन्हा दिसलं. कौतुक त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

अंबरनाथला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी काचेच्या छोट्या खोलीत बसवून तपासलं आणि कागदावर एक रेघ काढून दिली. डावीकडे सरळ चालणारी आणि मधेच उतरून खाली जाणारी. त्या म्हणाल्या, "यांना आवाज येतो, पण शब्द येत नाहीत. बोलण्यातला स, त, फ, क यांचा भाग वरच्या सुरांत असतो, तो गळतो. त्यांना कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते अंदाजाने जुळवतात." मग कामाची चौकशी केली. बाबांनी प्रेसबद्दल सांगितलं, आणि हळदीच्या भोंग्यांबद्दलही. प्रेसवर पहिली काही वर्षं कानात चिंध्यांचे बोळे घालायचे, तेही आठवण राहिली तर.

"कधीपासून कमी येतंय?" बाईंनी विचारलं.

"मना वाटलं, मानसं आता बारीक बोलाय लागली," बाबा म्हणाले.

कानाचं यंत्र घ्यायला ते आठवडाभर तयार नव्हते. मग एक दिवस स्वतःच म्हणाले, चल. यंत्र बसवल्यावर पहिल्या दिवशी त्यांना सगळं नकोसं झालं. वर्तमानपत्राची घडी, चपलांचा आवाज, भांडी. आईच्या बांगड्या वाजतात हे त्यांना नव्याने कळलं आणि ते त्यांनी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "लगीन झाल्यापासून वाजतात."

त्यानंतरच्या रविवारी मी गेले तेव्हा होम थिएटर सुरू होतं. गाणं संपलं. बाबांनी सवयीने सगळ्यांना गप्प केलं आणि स्वतःही ऐकू लागले. मग त्यांच्या कपाळावर आठी आली. उठून ते डाव्या स्पीकरपाशी गेले, वाकले.

"ह्यो सूं सूं आवाज कशाचा?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"रंजू, कशाचा?"

"अ‍ॅम्पचा आहे, बाबा."

"नवीन हाय?"

खोटं बोलता आलं असतं. नव्या जोडणीमुळे येतोय, म्हणता आलं असतं. "नाही," मी म्हटलं. "पहिल्यापासून आहे."

ते सरळ उभे राहिले. रागावले नाहीत. "आन तुमी सगली मानसं मान हलवत व्हता," एवढं म्हणाले. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला, पुढच्या दोन स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पमधून काढल्या आणि रिसीव्हरच्या मागे लावल्या. पुन्हा ऐकलं. सूं सूं गेलं होतं. "हा बरा हाय," ते म्हणाले. पुढे महिनाभर ते अ‍ॅम्प उघडून बसायचे, दोन-तीन भाग बदलले, आवाज निम्मा झाला, पूर्ण गेला नाही. ज्याच्यासाठी आम्ही कॅम्प तीनच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, ते प्री-आउट आता रिकामेच आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. बाबांना वाटतं का, ते मी विचारलेलं नाही.

शाळेच्या परीक्षा जवळ आल्या होत्या. उन्हं तापू लागली होती आणि हळदीचे मांडव अजून उभे राहत होते. अशाच एका दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही तिघं पुढच्या खोलीत होतो. आई लसूण सोलत होती. अचानक, मान वर न करता, ती म्हणाली, "एक ईचारू?"

बाबा तिच्याकडे वळले. यंत्र लावल्यापासून ते बोलणाऱ्याकडे वळून बसतात.

"रंजू चौथीला व्हती तवाची गोष्ट. कॅम्पातला एक शेठ आलेला. गावातल्या धा बायांना शिलाई द्यायची व्हती, जीन्सची. मशिनी तो देनार, आन बायांना शिकवायला मी. तुमी दाढी करत व्हता. मी मागून ईचारलं, हो म्हनू का? तुमी कायच बोलला नाय. मी शेठला नाय म्हनून सांगितलं."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. आई सुंदर शिवायची. आमचे, शेजाऱ्यांचे कपडे तिच्या हातचे असायचे, पण त्यापलीकडे काही कधी झालं नाही, आणि का झालं नाही हा प्रश्नही मला पडला नव्हता.

"तवा तुमाला ऐकू आलं नव्हतं," आई म्हणाली, "का ऐकून गप बसला?"

डॉक्टरीणबाईंचा कागद कपाटात होता. त्याच्याकडे बोट दाखवून सुटणं बाबांना सहज शक्य होतं. आईलाही बहुतेक तेच हवं होतं. तिने प्रश्न तशाच बाजूने विचारला होता. मीसुद्धा मनातल्या मनात त्यांना तेच सुचवत होते.

 "आठवत नाय," बाबा म्हणाले. "ऐकू आलं नसंल. पन ऐकून बी गप बसलो असंन. तवा मी तसाच व्हतो. कानाचं नाव सांगून तुला फसवनार नाय."

आईच्या हातातली पाकळी तशीच राहिली. मला वाटलं, ती उठून जाईल. ती गेली नाही. तिने लसणाची सुपली बाजूला सारली.

"पलीकडच्या बिल्डिंगीतल्या पोरी म्हनतात, काकी, शिलाई शिकवा. चार-पाच हायेत. ह्या खोलीत बसवीन म्हनते, दुपारची."

"मग बसव की. मना काय ईचारतेस?"

"ईचारत नाय," आई म्हणाली. "सांगते."

बाबा उठले. सोफा कुठे सरकेल, दार किती उघडं राहील, ते बघत खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, "मशिनी किती बसतील, मोजाय पायजे." आईने आतून शिलाईची टेप आणली. ती लहान पडत होती, म्हणून बाबा भिंतीला एक टोक धरून उभे राहायचे आणि आई दुसरं टोक नेऊन तिथे बोट ठेवायची, मग दोघं पुढे सरकायची. ती आकडा सांगायची. तो नीट आला नाही तर बाबा "काय?" म्हणायचे, आणि ती तो पुन्हा सांगायची.